काळ, अंतर आणि वेग : व्यवस्थापन प्रवेश परीक्षांतील उदाहरणांच्या अध्यापन-पद्धतीची चिकित्सा

बीजसंज्ञा : काळ-काम-वेग, गुणोत्तर, व्यस्त प्रमाण, त्रैराशिक, सरासरी वेग, सामाईक प्रवेश परीक्षा

प्रस्तावना

मराठी शाळांतून शिकलेल्या बहुतेकांच्या मनात ‘काळ-काम-वेग’ हा शब्दसमूह अंकगणिताच्या धास्तीशी जोडलेला असतो. हौद भरणारे नळ, काम उरकणारे मजूर आणि समोरासमोरून धावणाऱ्या आगगाड्या ही या गणिताची ठरलेली पात्रे होत. शालान्त परीक्षेनंतर विद्यार्थी या पात्रांचा निरोप घेतो. परंतु पदवीच्या अखेरच्या वर्षी व्यवस्थापन शास्त्राच्या प्रवेश परीक्षेची तयारी करू लागताच ती पुन्हा त्याच्यासमोर येऊन उभी राहतात. या वेळी त्यांच्यासोबत एक घड्याळही असते.

अनेक महाविद्यालयांतून आज स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रे चालतात आणि गणिताच्या किंवा वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांकडे या विषयाच्या तासिका सोपविल्या जातात. या तासिकांमध्ये प्रामुख्याने जे शिकवले जाते ते म्हणजे सूत्रे आणि क्लृप्त्या. बाजारात उपलब्ध असलेल्या मार्गदर्शक पुस्तकांची रचनाही अशीच असते : प्रकरणाच्या आरंभी सूत्रांची यादी, त्यानंतर प्रत्येक सूत्राचे एक सोडविलेले उदाहरण आणि शेवटी सरावासाठी प्रश्नसंग्रह. ही पद्धती कोणत्या मर्यादेपर्यंत उपयुक्त आहे, ती कोठे विद्यार्थ्याची दिशाभूल करते आणि तिच्या जागी काय ठेवता येईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वेग, अंतर आणि काळ यांची उदाहरणे ही मूलतः गुणोत्तराची उदाहरणे आहेत आणि त्यांचे अध्यापन गुणोत्तराच्या अंगानेच झाले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

परीक्षेचे स्वरूप आणि वेळेचे बंधन

क्लृप्त्यांचा आग्रह का धरला जातो हे समजून घेण्यासाठी प्रथम परीक्षांची रचना पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे घेतल्या गेलेल्या २०२४ च्या एमबीए-एमएमएस सीईटीमध्ये १५० मिनिटांत २०० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ४५ सेकंद. त्यांपैकी ५० प्रश्न संख्यात्मक क्षमतेचे होते आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नव्हते. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या २०२४ च्या कॅट परीक्षेत संख्यात्मक विभागासाठी ४० मिनिटे आणि २२ प्रश्न होते. तेथे एका प्रश्नास सुमारे १०९ सेकंद मिळत होते, परंतु बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण गमवावा लागत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या जीमॅट परीक्षेच्या संख्यात्मक विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे प्रश्नागणिक दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ असतो.

या तीन आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. राज्याच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याला विचारासाठी मिळणारा अवधी सर्वांत कमी असतो. त्यामुळे ‘विचार करू नका, सूत्र लावा’ हा सल्ला त्यालाच सर्वाधिक दिला जातो. हा सल्ला वरवर व्यवहारी वाटतो. परंतु पंचेचाळीस सेकंदांत चुकीचे सूत्र निवडणारा विद्यार्थी आणि काहीच न सुचलेला विद्यार्थी यांच्या गुणांत फरक पडत नाही. म्हणून खरा प्रश्न सूत्राच्या वेगाचा नसून सूत्राच्या निवडीचा आहे.

त्रिकोणाची मर्यादा

अंतर वर आणि वेग व वेळ खाली लिहून काढलेला त्रिकोण हे या प्रकरणाचे बहुतेक वर्गांतील पहिले चित्र होय. हवी असलेली राशी बोटाने झाकायची आणि उरलेल्या दोन राशींचा गुणाकार वा भागाकार करायचा, अशी ही युक्ती आहे. तीन राशींपैकी दोन दिलेल्या असताना ती निर्दोष उत्तर देते. परंतु प्रवेश परीक्षेत असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तेथे एकाच अंतराचे दोन प्रवास, एकाच वेळेत धावणारे दोन धावपटू किंवा एकाच वेगाचे दोन टप्पे यांची तुलना असते. त्रिकोण एका प्रवासाविषयी बोलतो. तुलनेविषयी तो मौन पाळतो.

पुढील उदाहरण पाहावे. एक मनुष्य नेहमीच्या वेगाच्या तीन चतुर्थांश वेगाने चालतो आणि कामावर २० मिनिटे उशिरा पोहोचतो. तर त्याचा नेहमीचा वेळ किती? येथे अंतरही दिलेले नाही आणि वेगही दिलेला नाही. त्रिकोणावर विसंबलेला विद्यार्थी प्रथमच अडतो, कारण झाकण्याजोगी राशी त्याला सापडत नाही. ज्याला व्यस्त प्रमाण समजले आहे त्याच्या दृष्टीने हा प्रश्न दोन ओळींचा आहे. अंतर तेच आहे. वेग ३/४ झाला म्हणून वेळ ४/३ झाला. वाढलेला १/३ भाग म्हणजे २० मिनिटे. म्हणून नेहमीचा वेळ ६० मिनिटे. यात सूत्र नाही आणि समीकरणही नाही. ‘कोणती राशी स्थिर आहे’ या एका प्रश्नाचे उत्तर मात्र आहे.

सरासरी वेगाचे उदाहरण

सूत्रपद्धतीचे गुणदोष सर्वांत स्पष्टपणे दिसतात ते सरासरी वेगाच्या उदाहरणांत. जाताना ताशी ४० किमी आणि येताना ताशी ६० किमी वेगाने प्रवास केल्यास सरासरी वेग ५० नसून ४८ येतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले जाते आणि त्याकरिता दोन वेगांच्या गुणाकाराच्या दुपटीस त्यांच्या बेरजेने भागण्याचे सूत्र पाठ करून घेतले जाते. हा दोन वेगांचा हरात्मक मध्य होय. सूत्र बरोबर आहे. परंतु ते समान अंतराच्या अटीवर उभे आहे आणि नेमकी ही अटच पाठांतरात गळून पडते. तोच मनुष्य एक तास ताशी ४० आणि एक तास ताशी ६० वेगाने गेला असता सरासरी वेग ५० हाच येतो.

अंतरे आणि वेळा दोन्ही असमान असतील तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी ठरतात. मुंबई-पुणे हा १९२ किमीचा लोहमार्ग महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच मार्गावर धावते. कर्जतनंतरचा घाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. सोयीसाठी असे कल्पू की एका गाडीने घाटाचे ३० किमी ताशी ३० वेगाने आणि उरलेले १६२ किमी ताशी ८१ वेगाने पार केले. पहिल्या भागास १ तास व दुसऱ्या भागास २ तास लागले. एकूण १९२ किमी ३ तासांत, म्हणजे सरासरी वेग ताशी ६४ किमी. दोन वेगांची साधी सरासरी ५५.५ येते आणि पाठ केलेले सूत्र सुमारे ४३.८ हे उत्तर देते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्ही बहुधा पर्यायांत छापलेली असतात.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, ही व्याख्या विद्यार्थ्याने घट्ट धरली तर वरील तिन्ही परिस्थितींत तो चुकत नाही. पहिल्या उदाहरणात ४० आणि ६० यांचा लसावि १२० हे अंतर मानावे. जाण्यास ३ तास, येण्यास २ तास. २४० किमी ५ तासांत, म्हणून ४८. यास सूत्राइतकाच वेळ लागतो. शिवाय या मांडणीतून कारणही कळते : प्रवासी कमी वेगाने अधिक वेळ चालला, म्हणून सरासरी कमी वेगाकडे झुकली. हे कारण समजलेला विद्यार्थी कोणताही हिशेब न करता सांगू शकतो की समान अंतराच्या प्रवासात उत्तर ४० आणि ५० यांच्या दरम्यानच असले पाहिजे. पंचेचाळीस सेकंदांच्या परीक्षेत अशक्य पर्याय वगळण्याची ही क्षमता सूत्रापेक्षा अधिक मोलाची आहे.

या संदर्भात मानसशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग उद्बोधक आहे. समष्टिवादी मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांना १९३० च्या दशकात एक कोडे पत्रातून कळविले होते. एक जुनी मोटार एक मैलाचा चढ ताशी १५ मैल वेगाने चढते. तर पलीकडचा एक मैलाचा उतार तिने किती वेगाने उतरावा, म्हणजे सरासरी वेग ताशी ३० मैल होईल? मनात चटकन ४५ हे उत्तर येते. वस्तुतः दोन मैल ताशी ३० वेगाने जाण्यास ४ मिनिटे लागतात आणि ती चारही मिनिटे चढ चढण्यातच संपलेली असतात. उतारासाठी वेळच उरत नाही. म्हणून असा वेग अस्तित्वात नाही. हिशेब करू लागेपर्यंत ही गोष्ट आपल्याही ध्यानात आली नव्हती, असे आइन्स्टाइन यांनी उत्तरादाखल कळविले. सूत्रात किंमती भरल्यास ३०य = ४५० + ३०य अशी विसंगती हाती येते; परंतु ती विसंगती काय सांगते, हे सूत्र सांगत नाही. ते वेळेचा विचार करणाऱ्यालाच कळते.

उशीर आणि लवकर : एका क्लृप्तीची चिकित्सा

ताशी ४ किमी वेगाने चालल्यास विद्यार्थी १० मिनिटे उशिरा आणि ताशी ५ किमी वेगाने चालल्यास ५ मिनिटे लवकर पोहोचतो. तर अंतर किती? या प्रकारासाठी मार्गदर्शक पुस्तकांत एक सूत्र आढळते : वेगांचा गुणाकार, गुणिले मिनिटांची बेरीज, भागिले वेगांतील फरक. १५ मिनिटे म्हणजे पाव तास घेतल्यास उत्तर ५ किमी येते आणि ते बरोबर आहे.

परंतु परीक्षकाने प्रश्नातील एक शब्द बदलला, म्हणजे पहिल्या वेळी १० मिनिटे उशीर आणि दुसऱ्या वेळी ४ मिनिटे उशीरच, तर तेथे बेरीज न करता वजाबाकी करावी लागते. त्यासाठी पुस्तकात दुसरे सूत्र दिलेले असते. अशा रीतीने सूत्रांची यादी वाढत जाते आणि विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवरील भार प्रश्नाच्या काठिण्याहून मोठा होतो.

याच प्रश्नाचा विचार पुढीलप्रमाणे करता येतो. ताशी ४ वेगाने एका किलोमीटरला १५ मिनिटे लागतात. ताशी ५ वेगाने १२ मिनिटे. म्हणजे दर किलोमीटरला ३ मिनिटे वाचतात. पहिल्या उदाहरणात १५ मिनिटे वाचली, म्हणून अंतर ५ किमी. दुसऱ्या उदाहरणात ६ मिनिटे वाचली, म्हणून अंतर २ किमी. दोन सूत्रांच्या जागी एकच वाक्य पुरते. ही रीत वेगाला उलट बाजूने, म्हणजे ‘किलोमीटरला किती मिनिटे’ अशा अंगाने पाहते. मराठी भाषकाला ही दृष्टी परकी नाही. ‘दोन तासांची वाट’ असे म्हणताना अंतर वेळेनेच मोजले जाते आणि ‘मजल’ या शब्दात एका दिवसाची वाटचाल सामावलेली असते. वर्गातील अध्यापन मात्र या अनुभवाचा आधार क्वचितच घेते.

नाव, प्रवाह आणि आगगाडी

प्रवाहातील नावेची उदाहरणे स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकविली जातात. वस्तुतः ती सरासरी वेगाचेच रूपांतर होत. स्थिर पाण्यात ताशी १० किमी वेगाने चालणारी नाव ताशी २ किमी वेगाच्या प्रवाहात २४ किमी जाऊन परत आली, तर प्रवाहाच्या दिशेने २ तास आणि विरुद्ध दिशेने ३ तास, असे एकूण ५ तास लागतात. स्थिर पाण्यात तोच प्रवास ४ तास ४८ मिनिटांत झाला असता. प्रवाहाचा लाभ आणि तोटा एकमेकांस छेद देतील, हा विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज येथे खोटा ठरतो. कारण पूर्वीचेच आहे : विरोधी प्रवाहात नाव अधिक वेळ राहते. दोन प्रकरणांत एकच तत्त्व आहे हे दाखविले, तर अभ्यासक्रमाचा भार हलका होतो.

आगगाडीच्या उदाहरणांचा दोष निराळा आहे. त्यांतील आकडे बहुधा वास्तवाशी फारकत घेतात. १२० मीटर लांबीची आगगाडी हे प्रश्नसंग्रहांतील नित्याचे दृश्य होय. भारतीय रेल्वेच्या एलएचबी पद्धतीच्या एका डब्याची लांबी सुमारे २३.५ मीटर असते. म्हणजे ही गाडी जेमतेम पाच डब्यांची झाली. चोवीस डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरहून लांब भरते. प्रश्नाच्या गणिती सत्यतेला यामुळे बाध येत नाही, परंतु उत्तराची शक्याशक्यता पडताळण्याची सवय मोडते. उलट, कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळे वेळापत्रक लागू केले जाते, ही घटना व्यस्त प्रमाणाचे तयार उदाहरण आहे आणि कोकण-गोव्यातील विद्यार्थ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

परंपरेचा दाखला

गुणोत्तराने विचार करण्याची ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत त्रैराशिक व व्यस्त त्रैराशिक यांना महत्त्वाचे स्थान आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींपैकी प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, हा त्रैराशिकाचा दंडक होय. सजातीय राशींची तुलना आधी आणि हिशेब नंतर, असा त्याचा अर्थ आहे.

त्याच ग्रंथातील मोर व साप यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला असून खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे; सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांची गती समान असेल तर बिळापासून किती अंतरावर त्यांची गाठ पडेल? उत्तर बारा हात असे आहे. येथे वेगही दिलेला नाही आणि वेळही दिलेली नाही. गती समान आणि वेळ समान, म्हणून अंतर समान, एवढ्या एका विचाराने प्रश्न काटकोन त्रिकोणावर येऊन ठेपतो : मोर व साप दोघेही पंधरा हात जातात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, ही बाब महाराष्ट्रातील अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. युरोपातही गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात समगतीचे सिद्धान्त गुणोत्तरांच्या भाषेत मांडले. अंतरास वेळेने भागणारे आजचे सूत्र त्यात नाही.

भाषेचा अडसर

एका दुर्लक्षित बाबीचा निर्देश येथे करणे आवश्यक आहे. मराठी माध्यमाच्या विज्ञानात ‘चाल’ आणि ‘वेग’ या भिन्न संज्ञा आहेत. वेगाला दिशा असते, चालीला नसते. अंकगणितात मात्र दोहोंसाठी ‘वेग’ हाच शब्द रूढ आहे. पुढे कॅटसारखी परीक्षा केवळ इंग्रजीतून द्यावी लागते. परिणामी विद्यार्थी प्रश्नातील गणिताआधी त्यातील वाक्यरचनेशी झगडतो. ‘ताशी’ या मराठी शब्दातच भागाकाराची कल्पना सामावलेली आहे. हा धागा पकडून इंग्रजी प्रश्नाचे प्रथम मराठीत निवेदन करून घेणे, ही तयारीची पहिली पायरी ठरू शकते. महागड्या शिकवणी वर्गापर्यंत न पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालय देऊ शकेल असे हे साहाय्य आहे.

क्लृप्तीच्या बाजूने

क्लृप्त्यांचा सरसकट धिक्कार करणे न्याय्य होणार नाही. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटरमध्ये रूपांतर करण्यासाठी ५/१८ ने गुणणे ही उपयुक्त सोय आहे. ३६०० सेकंदांना १००० मीटरचे प्रमाण लावून ती एकदा सिद्ध करून घेतली की पुरे. घड्याळ समोर असताना प्रत्येक गोष्ट मुळापासून सिद्ध करणे कोणालाही शक्य नाही. आक्षेप आहे तो अटीविना दिलेल्या सूत्रावर. जीमॅट परीक्षेतील ‘माहिती पुरेशी आहे काय’ या प्रकारचे प्रश्न हा भेद नेमका टिपतात. जाण्या-येण्याचे दोन वेग दिले असता सरासरी वेगासाठी अंतर माहीत असणे आवश्यक आहे काय, या प्रश्नाला आकडेमोड लागत नाही; समान अंतर उत्तरातून छेदले जाते, एवढी समज लागते. अशी समज सूत्राच्या यादीतून येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वेग, अंतर व काळ यांच्या उदाहरणांत ‘कोणती राशी स्थिर आहे’ हा पहिला प्रश्न असला पाहिजे. अंतर स्थिर असल्यास वेग व वेळ व्यस्त प्रमाणात, वेळ स्थिर असल्यास वेग व अंतर सम प्रमाणात असतात. बहुसंख्य प्रश्न या दोन विधानांत सामावतात.

२. प्रत्येक सूत्र त्याच्या अटीसह शिकवावे आणि अट मोडणारे एक उदाहरण लगेच द्यावे.

३. उत्तराचा अंदाज आधी आणि आकडेमोड नंतर, हा क्रम वर्गात रूढ करावा.

४. उदाहरणांतील आकडे शक्य तेथे परिचित मार्गांवरून आणि वेळापत्रकांवरून घ्यावेत.

प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर सूत्रे विस्मरणात जातात. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मात्र उत्पादनाचा दर, मालाच्या वाहतुकीचा वेळ आणि असमान गटांची सरासरी या रूपांत तीच गुणोत्तरे विद्यार्थ्यापुढे पुन्हा येतात. ताशी ४० आणि ६० यांची सरासरी ४८ का, हे ज्याला उमगले आहे त्याच्या हाती त्या वेळी काही शिल्लक असते. ते शिल्लक राहावे, एवढ्यासाठी महाविद्यालयीन अध्यापकाने पंचेचाळीस सेकंदांच्या परीक्षेची तयारी करून घेतानाही पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत विचाराला जागा ठेवली पाहिजे.